दोन नवे, दोन जुने

माझ्या दुकानाच्या भिंतीवर एकच पाटी आहे: ‘बंद करण्याआधी शंभर मोजा’. नवा माणूस आला की पाटी वाचतो आणि काय मोजायचं म्हणून इकडंतिकडं बघतो. एकदा विमा विकायला आलेले एक गृहस्थ पाटीसमोर उभे राहून खरोखरच मोजायला लागले. शंभर झाल्यावर मला म्हणाले, "झाले. आता काय बंद करू?" मी त्यांना चहा पाजला. इतकं सांगितलेलं ऐकणारा माणूस रोज कुठं भेटतो?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या रांगेत शेवटच्या गाळ्यात मी टर्बो दुरुस्त करते. बहुतेक सगळे मला अक्का म्हणतात. टर्बो म्हणजे काय, हे मी बायकांना चुलीवरून सांगते. फुंकणीनं फुंकर घातली की जाळ वाढतो. आता समजा, चुलीचा धूरच एक पंखा फिरवतोय आणि त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाचा पंखा चुलीला फुंकर घालतोय. झाला टर्बो. इंजिनातून फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर जास्तीची हवा इंजिनात कोंबायची, म्हणजे तेवढ्याच इंजिनाला दुप्पट दम येतो. ही दांडी माझ्या करंगळीपेक्षा बारीक, आणि फिरते मिनिटाला लाखावर फेरे. ती तरंगते कशावर, तर तेलाच्या थरावर. गाडी पळून आली आणि थांबल्या थांबल्या किल्ली फिरवली, तर तेल येणं थांबतं आणि आत जे राहिलं ते गरम दांडीवर जळून कोळसा होतं. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आपण आधी टेकू देतो, पाणी देतो, मग विचारतो की काय काढलंत. तेच इथं. इंजिन नुसतं चालू ठेवून शंभर मोजायचे, मग किल्ली.

मला हे कुणी शिकवलं नाही. लग्नाआधी मी चुलत्यांच्या कारखान्यात चादरीचे माग सांभाळायची. लग्न झालं ते डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या घरात. आमच्या यजमानांना गिऱ्हाइकाशी बोलायची भारी हौस, आणि बारीक कामाचा तेवढाच कंटाळा. एका ट्रकचा टर्बो त्यांनी उघडला, दोन तास झटले आणि "हे काय बसत न्हाय" म्हणून जेवायला गेले. ते हात धुऊन येईपर्यंत मी तो बसवला होता. तिथून पुढं ते बोलायचे आणि मी बसवायची. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. आता दोन्ही कामं माझ्याकडंच, आणि त्यातलं बोलायचं काम जरा जास्तच होतं, असं शेजारच्या गाळ्यातले उस्मानभाई म्हणतात. उस्मानभाईंचं लेथ आहे. माझं सगळं कातकाम त्यांच्याकडं. कामातलं अडलं की मी इंटरनेटवर व्हिडिओ लावते. एक रशियन माणूस आहे, त्याची भाषा मला ओ की ठो कळत नाही, पण हात कळतात.

गिऱ्हाइकं बहुतेक ट्रकवाले. त्यातला वैरागचा एक विसरता येत नाही. टर्बोचा पंखा जाम म्हणून आला. उघडून बघते तर पंख्याला हिरव्या धाग्यांची वेणी पडलेली, मध्ये मध्ये जरीचा तुकडा. हवेच्या नळीचा फिल्टर फुटला म्हणून त्यानं नळीच्या तोंडाला घरातलं पातळ बांधलं होतं, आणि टर्बोनं ते ओढून घेतलं.

"अक्का, धागं जाळून टाका," तो हळूच म्हणाला.

"का रं?"

"बायकू आठ दिस झालं हुडकतीया. शेजारणीशी भांडून बसलीया."

मी धागे जाळले नाहीत, पिशवीत घालून दिले. म्हटलं, दाखव आणि शेजारणीला सोडव. तो पुन्हा कधी आला नाही. दाखवले असावेत.

तर अशा ट्रकांच्या दुकानात एक दिवस मल्लिनाथ आला, निळी जपानी गाडी घेऊन. हा दुधनीच्या डाळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. वय तिशीतलं, बोलणं कमी, चष्मा नाकावर घसरलेला. गाडी दिसायला साधी, चार दारांची, मागं डिकी. पुढं टर्बोचं पेट्रोल इंजिन, आणि ताकद चारी चाकांना. बेंगळुरूच्या कुणा हौशी माणसानं ती वापरून वापरून टाकून दिलेली, मल्लिनाथनं उचलून आणली. कंपनीचं नाव लिहीत नाही, गाडीचा काही दोष नव्हता.

"चारी चाकं ओढतात?" मी विचारलं. ट्रकला मागची ओढतात, घरातल्या मोटारींना बहुधा पुढची. चारी ओढणारी जीप मी बघितली होती, पण तिला दांडा ओढून तसं करावं लागतं.

"हिला कायमच चारी, अक्का. दांडा न्हाय."

"मग वळताना भांडत न्हाईत?"

"मधी एक डिफरन्शियल हाय. ते दोगांत समजूत घालतंय."

मी तिथंच फरशीवर चादर अंथरली आणि गाडीखाली शिरले. साठीच्या बाईनं असं करू नये म्हणतात. अर्धा तास आडवी पडून बघत राहिले. इंजिनाची ताकद मधल्या डिफरन्शियलमध्ये येते, तिथून निम्मी पुढं, निम्मी मागं. त्याच्या पोटात घट्ट मधासारखं द्रव भरलेला एक बंद डबा. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरायला लागली की हे द्रव दोघांना धरून ठेवतं. वळणापुरतं सोडतं, पण फार सोडत नाही. शहाण्या सासूसारखं. बाहेर आले तर केसांत ग्रीस, आणि उस्मानभाई दारात उभे. "भाभी, पुरी दुकान छोडके इसके नीचेच सोनेका है क्या?"

पुढची तीन वर्षं मल्लिनाथ दर पंधरा दिवसांनी यायचा. गाडी त्यानं स्वतःच्या हातानं बांधली. मी फक्त टर्बो नवा करून दिला, पंखा थोडा मोठा घालून. पुढं इंटरकूलर त्यानंच बसवला. म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी. फुगलेल्या गरम भाकरी दुरडीत चार मावतात, त्याच गार होऊन बसल्या की आठ मावतात. हवेचंही तसंच. धुराची नळी रुंद केली, ब्रेक बदलले, लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवीन हिशेब शिकवला. हे शेवटचं काम तो फार भीत भीत करायचा. एक आकडा बदलायचा, दुधनी रोडला चक्कर मारायची, परत येऊन प्लग काढून त्यांचा रंग बघायचा, मला दाखवायचा. "बरोबर हाय का, अक्का?" तोपर्यंत पुढचा आकडा नाही. काहीही करायच्या आधी मला विचारायचं हा त्याचा नेमच होता, आणि खरं सांगू, मला ते आवडायचं.

घरी त्याचं कौतुक नव्हतं. वडील म्हणायचे, ज्याचं काम त्यानं करावं, आपण डाळ निवडावी.

गेल्या दिवाळीआधी अक्कलकोटच्या वाटेवर कसलातरी पत्रा लागून पुढचा एक टायर बाजूनं फाटला. टायरच्या दुकानात श्रीनिवास म्हणून पोरगा आहे, तेलुगू घरातला, कामाला चोख. तो म्हणाला चारी बदला. मल्लिनाथनं तिथून मला फोन लावला. मी म्हटलं, "फोन त्याला दे."

"मौशी, ह्या गाडीला चारी एकदमच बदलायला लागतंय."

"का? बाकीचे तीन निम्मे शिल्लक हायत की. का महिन्याचं टारगेट राहिलंय तुझं?"

"तसं न्हाय मौशी, कंपनीच्या पुस्तकात..."

"पुस्तक कंपनीचंच असतंय, टायर विकणाऱ्या. पुढं दोन नवे घाल, मागं दोन जुने राहू देत."

आमच्या घरात चार टॉवेलांतले दोन विरले तर दोनच आणतात. चारी आणले तर सासूबाई म्हणायच्या, माज आलाय. ट्रकांनाही आयुष्यभर तेच सांगत आले, पुढं नवे, मागं जुने, आणि एकाही ट्रकचं वाईट झालं नाही. मल्लिनाथनं ऐकलं. तो माझं ऐकायचाच.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी तो बरेच दिवस आला नाही. मग एका शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन आला आणि दारात उभा राहिला, आत येईना.

"अक्का, टर्बो काढून घ्या हिचा."

"का? काय झालं?"

"गाडी द्यायलोय. हैदराबादचा माणूस रविवारी येतोय न्यायला. तोडून पार्ट इकणार. टर्बो तुमच्या हातचा हाय, तो तोडणाऱ्याच्या हातात नको. तुमच्याकडं असू दे."

मी त्याला बसवलं. हळूहळू निघालं ते असं. दोनतीन महिन्यांपासून गाडी वळणावर अडखळायला लागली होती. पुण्याच्या एका गॅरेजवाल्यानं फोनवरच सांगितलं की तुम्ही ताकद वाढवलीत, गिअरबॉक्स खलास झाला, उघडला तर गाडीच्या किमतीएवढं काम निघेल. वडिलांनी ते ऐकलं आणि म्हणाले, झालं तुझं शिकणं?

"माझ्या हातालाच यश न्हाय, अक्का. चांगली गाडी हुती. मी आकडं बदलत बसलो आन् मारली तिला." चष्मा काढून पुसला. "पाने-बिने सगळं पोत्यात बांधून ठिवलं. आता न्हाय हात लावणार कशाला."

डाळ बाजारात काम आहे, संध्याकाळी येतो, म्हणून तो गेला. गाडी मीच आत घेतली. गेटमधून वळवताना कुणी हँडब्रेक ओढून धरल्यासारखी ती अडली, मग टुणकन पुढं उडी. पुन्हा अडली. सरळ केली की लोण्यासारखी.

टर्बो काढायला मी पाना हातात घेतला होता. पण डोक्यात एक किडा वळवळायला लागला. ताकद जास्त होऊन काही तुटलं असेल तर गाडी जोरात पळताना ओरडेल. इथं तर ताशी पाच किलोमीटरनं, गेटात, वळताना ओरडते. टर्बो तेव्हा झोपलेला असतो. त्याला वळण काय कळणार?

पाना ठेवला, चादर अंथरली, खाली शिरले. मधल्या डिफरन्शियलवर पाण्याचे दोन थेंब टाकले तर तव्यावर टाकल्यासारखे चर्र झाले. गाडी नुसती दुधनीहून सरळ रस्त्यानं आलेली. सरळ रस्त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांत भांडण व्हायचं कारण काय? मग हा मधला रात्रंदिवस समजूत घालत असल्यासारखा तापलाय कशानं?

तशीच आडवी पडून होते. डोळ्यासमोर पुढचा टायर, खोल खोल नक्षीचा. मान वळवली तर मागचा, नक्षी निम्मी गेलेली.

आणि मला चुलत्यांचा कारखाना आठवला. मागावर विणलेलं कापड एक रूळ ओढत असतो. एकदा रुळाचं एक टोक गुळगुळीत झालं म्हणून मी दुसऱ्या टोकाला हात न लावता तेवढ्याच टोकावर चिंधी गुंडाळली. पोरवय, शहाणपणा दाखवायचा होता. दोन हात चादर विणून होते तोवर तिची एक कड पुढं पळालेली, नक्षीतला मोर तिरका झालेला. चुलते म्हणाले, "एका दांडीवरच्या दोन टोकांचा घेर एक पायजे, पोरी. न्हायतर येक ओढतंय, येक रडतंय."

मी बाहेर आले आणि उस्मानभाईंना हाक मारली. पुढचं एक चाक काढलं, मागचं एक काढलं, दोन्हीत हवा सारखी केली. दोन्ही टायरांवर खडूनं खूण केली, रस्त्यावर रेघ मारली आणि खुणा रेघेवर ठेवल्या.

"अब क्या?" उस्मानभाई.

"आता ढकलायचं. सरळ. धा फेरे. मोजा."

आम्ही दोन म्हाताऱ्यांनी एमआयडीसीच्या रस्त्यावर शेजारी शेजारी टायर फिरवत नेले. जेवणाच्या सुट्टीला निघालेले कामगार सायकली थांबवून बघायला लागले. एकजण ओरडला, "अक्का, काठी घ्या की हातात!" दुसरा म्हणाला, "उस्मानचाचा हरतंय!" खरंच हरत होते. त्यांच्याकडं जुना होता. दहावा फेरा पुरा झाला तेव्हा माझा नवा टायर त्यांच्या जुन्याच्या वीतभर पुढं होता. वर चार बोटं.

उस्मानभाईंनी टोपी मागं सारली. "हौ. दस फेरेमें इत्ता. मतलब दुधनीतक?"

आम्ही दोघांनी दुधनीपर्यंतचा हिशेब केला नाही. सरळ रस्त्यावरही पुढची चाकं एक सांगत होती आणि मागची दुसरं. मधलं द्रव सात-आठ महिने दोघांना धरून ठेवता ठेवता उकळलं आणि शेवटी आवळून बसलं. म्हणून वळणावर सोडेना. ट्रकचं बरं, त्याची पुढची चाकं मोकळी असतात, त्यांना मागच्याशी देणंघेणं नाही. तो माझा आयुष्यभराचा नियम ट्रकचा होता. हिला तो लावायचा नव्हता. आणि माझ्या निम्म्या वयाचा श्रीनिवास तेच सांगत होता, तेव्हा मी त्याला टारगेट विचारलं.

"भाभी," उस्मानभाई टायर उचलत म्हणाले, "छोकरेकू मालूम नै पडेगा. गाडी तो जारीच है परसों."

वाईट मनानं म्हणाले नाहीत ते. तीस वर्षांत माझ्या दुकानातून चुकीचा सल्ला गेला असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि ते त्यांना माझ्याइतकंच जपायचं होतं. मी दोन्ही चाकं परत बसवली. हात चालू होते, पण बोल्ट आवळताना दोनदा आटा चुकला.

संध्याकाळी मल्लिनाथ आला. टर्बो अजून गाडीतच बघून म्हणाला, "काढला न्हाय व्हय? मग एक चक्कर मारतो, अक्का. शेवटची." मी शेजारी बसले. अक्कलकोट नाक्यापर्यंत गेलो, आलो. सरळ रस्त्यावर त्यानं एकदाच पाय दाबला. टर्बोनं श्वास ओढला आणि पाठ सीटला चिकटली. इतका एकसारखा ओढा मी माझ्या हातच्या कुठल्या इंजिनात बघितला नव्हता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

दुकानासमोर थांबलो. त्यानं किल्लीकडं हात नेला नाही. शंभर मोजत असणार, मनात. इंजिन संथ चालू होतं. मला कळलं की आता शंभर होईपर्यंत सांगितलं नाही तर किल्ली फिरेल, हा उतरेल आणि मग मी काही सांगणार नाही.

"मल्लिनाथ, गिअरबॉक्सला काय झालेलं न्हाय."

तो बघायला लागला.

"टायर. मी दोन घालायला लावले ते. माझ्यामुळं झालंय हे. श्रीनिवास बरोबर सांगत हुता." मग सगळं सांगितलं, द्रव, चिंधी, वीतभर. बोलायला कधी न अडणारी मी, तिथं तीनदा अडले.

शंभर कधीच होऊन गेले होते. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मंजी," तो म्हणाला, "माझं आकडं बरोबर हुतं?"

"एकूण एक."

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि हातांकडंच बघत बसला. मग कानडीत पुटपुटला, "येन माडोदु अक्का आता?" आता काय करायचं.

काय करायचं ते मी केलं. गाडीत बसूनच हैदराबादवाल्याला फोन लावला. म्हटलं, गाडी मिळणार नाही, पण तुम्ही अशा गाड्या तोडता तर मधलं डिफरन्शियल असेलच, ते पाठवा. तो म्हणाला, "अम्मा, मैं गाडी लेने आरा था, तुम मेरेकूच पुर्जा मंगारे?" पण पाठवलं, आणि चांगलं पाठवलं. चार टायर मी घेऊन दिले. मल्लिनाथ नको म्हणत होता, त्याला म्हटलं, तू बोलू नकोस. रविवारी दुधनीला गेले आणि दुकानाच्या गादीवर बसलेल्या त्याच्या वडिलांसमोर बसून सांगितलं की गाडी तुमच्या मुलानं बिघडवली नाही, मी बिघडवली. त्यांनी डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला आणि आतल्या बाजूला बघून हाक मारली, "चहा आणा गं. दोन." मग थोड्या वेळानं, "तीन आणा. त्यालाबी बोलवा."

श्रीनिवासकडं जायला मला सगळ्यात जड गेलं. तो म्हणाला, "राहू द्या मौशी. समदेच तसं म्हणतात." हे ऐकून जास्तच लाज वाटली. आता चारी ओढणारी गाडी आली आणि कुणी टायरचं विचारलं की मी त्याच्याकडं पाठवते. ते निम्मे शिल्लक टायर माझ्या दारात आहेत, एकावर एक, ट्रकवाले चहा पिताना त्यावर बसतात.

डिफरन्शियल मल्लिनाथनंच बसवलं, माझ्याच फरशीवर, पोत्यातले पाने सोडून. मी दिवा धरला.

त्यानंतर एक गोष्ट झाली, ती लिहिते आणि थांबते. मल्लिनाथ आता आधी विचारत नाही. करून झालं की दाखवायला आणतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला लागलं, खोटं कशाला बोलू. गेल्या महिन्यात आला, मागचे स्प्रिंग बदललेले, कॉम्प्युटरचे आकडेही नवे. मी आतून बाहेर आले तोवर बॉनेट उघडून बाजूला उभा होता. मी दिवा घेऊन कोपरा न् कोपरा बघितला. चूक काढायचीच होती मला. नळ्या, पट्ट्या, तेलाचा डाग. खाली शिरून मधलं डिफरन्शियल चाचपलं, कोमट. काही सापडेना. उस्मानभाई लेथ बंद करून ऐकत उभे.

शेवटी हात पुसले आणि काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "बरं. बंद करताना शंभर मोजत जा."

"मोजूनच बंद केली, अक्का," तो म्हणाला. "तुमी आत हुता तवाच."